उमेदवारी

मराठीत काही शब्द असे आहेत, की त्यांनी घर बदलले तरी जुन्या घराची किल्ली कमरेला तशीच लटकवून ठेवली आहे. 'उमेदवार' हा त्यांतलाच एक. आज हा शब्द कानांवर पडला की डोळ्यांपुढे हात जोडलेले एक छायाचित्र येते, त्याखाली एक चिन्ह येते आणि गल्लीतून फिरणारा कर्णा ऐकू येऊ लागतो. पण आमच्या आजोबांच्या वेळी उमेदवार म्हणजे कचेरीत, छापखान्यात किंवा एखाद्या वैद्याच्या ओसरीवर बिनपगारी नाहीतर नाममात्र पगारावर काम शिकणारा होतकरू मुलगा. जागा रिकामी झाली आणि वरच्यांची मर्जी बसली म्हणजे त्याने तिथे चिकटायचे. तोवर उमेदीवर दिवस काढायचे. उमेद म्हणजे आशा. ती ज्याच्यापाशी आहे तो उमेदवार. दुसरे काही त्याच्यापाशी असावे अशी त्या शब्दाची अपेक्षाच नाही.

हा शब्द मला आठवला तो माझ्या लेकीमुळे. ती इंग्लंडातल्या एका विद्यापीठात 'पोस्टडॉक' होती. आमच्या वाईत या पदाला नाव नाही, आणि ज्याला नाव नाही ते लोकांच्या मनात ठसत नाही. शेजारच्या वहिनी दर संक्रांतीला तिळगूळ हातावर ठेवताना विचारायच्या, "तिची ती पीएच.डी. झाली ना हो? मग अजून काय शिकतेय?" मी सांगायची, की ती आता शिकत नाही, संशोधन करते. "म्हणजे प्राध्यापक झाली?" तसेही नाही. "मग नोकरी?" नोकरी आहे, पण तीन वर्षांची. यावर वहिनी मान हलवायच्या. त्या हलण्यात सहानुभूती किती आणि संशय किती याचा हिशेब मला कधी लागला नाही. शेवटी एका संक्रांतीला मी म्हटले, "वहिनी, ती उमेदवारी करते आहे." त्यांना लगेच समजले. त्यांच्या सासऱ्यांनी वकिलाकडे सात वर्षे केली होती.

ही विद्वानांची उमेदवारी तशी पुष्कळ जुनी आहे. अमेरिकेत बाल्टिमोरला १८७६ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ उघडले, तेव्हा तिथे हुशार तरुणांसाठी वीस फेलोशिपा ठेवल्या होत्या. १९१९ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशावर भौतिकशास्त्रात आणि रसायनशास्त्रात नव्याने डॉक्टर झालेल्यांना आणखी काही वर्षे संशोधन करता यावे म्हणून शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. कल्पना मोठी सुरेख होती. माणूस नुकता पंख फुटून उडायला लागला आहे. त्याच्यावर लगेच वर्गाचे, परीक्षांचे आणि समित्यांचे ओझे लादू नये, दोन वर्षे त्याला मोकळे सोडावे. आपले हरगोविंद खुराना १९४८ मध्ये लिव्हरपूलला डॉक्टर झाले आणि झुरिकला प्रेलॉग यांच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे त्यांनी वर्षभर बिनपगारी काम केले. वीस वर्षांनी, १९६८ मध्ये, त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अशा गोष्टी आम्ही शिक्षक मंडळी वर्गात मोठ्या आवाजात सांगतो. बिनपगारी वर्षानंतर ज्यांना कुठलेच पारितोषिक मिळाले नाही, त्यांची गोष्ट सांगणारा धडा पाठ्यपुस्तकात नसतो.

मी तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले. निवृत्त झाल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरात सहा महिन्यांसाठी लेकीकडे गेले. तिचे घर पाहून मला पहिली गोष्ट जाणवली ती तिच्या स्वयंपाकघरातली. तीन पातेली, दोन ताटे, एक तवा आणि दीड लिटरचा एक कुकर. मी म्हटले, "अगं, चार माणसे जेवायला आली तर?" ती म्हणाली, "आई, सहा वर्षांत तीन गावे झाली. जास्त घेतले तर दर वेळी न्यायचे कुठे?" तिने हे इतक्या सहज सांगितले, की मला उत्तर सुचेना. तिशी उलटून गेलेल्या, गव्हाच्या जनुकांवर निबंध लिहिणाऱ्या बाईने कुकरचा आकार करारनाम्याच्या मुदतीवर ठरवावा, ही गोष्ट मला कुठल्याही आकडेवारीपेक्षा अधिक बोलकी वाटली.

आकडेवारीही होती म्हणा. तिच्या टेबलासमोरच्या भिंतीवर एक आकृती चिकटवलेली होती. लंडनच्या रॉयल सोसायटीने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अहवालातली ती. ब्रिटनमध्ये विज्ञानात पीएच.डी. होणाऱ्यांचे पुढे काय होते, हे तीत नदीच्या फाट्यांसारखे काढून दाखवले होते. शंभरांतले त्रेपन्न लगेच विज्ञानाबाहेर जातात. तीस जण विद्यापीठात उमेदवारीला राहतात. अखेर विद्यापीठात कायम संशोधक म्हणून टिकतात ते साडेतीन, आणि प्राध्यापकपदाला पोचतो तो अर्ध्याहूनही थोडा कमी.

साडेतीन! मी त्या आकड्याकडे पाहतच राहिले. आपल्याकडे साडेतीन मुहूर्त, साडेतीन शक्तिपीठे, पेशवाईतले शहाणेसुद्धा साडेतीनच. मराठी माणसाला पूर्ण चारांचे कधी अगत्य वाटले नाही. मी लेकीला म्हटले, की तुझ्या रॉयल सोसायटीत कुणीतरी आपल्याकडचा बसलेला दिसतो. ती हसली, पण आकृती भिंतीवरून तिने काढली नाही. तिची मुदत ३१ मार्च २०२४ ला संपत होती.

याच सुमारास मला 'दहा दिवस' हा शब्दप्रयोग ऐकू येऊ लागला. "आज माझा दहातला एक आहे," असे म्हणून ती सकाळी निघायची. प्रथम मला ही रजाच वाटली. मग कळले, की संशोधकांच्या कारकिर्दीला आधार मिळावा म्हणून तिथल्या विद्यापीठांचा आणि पैसा पुरवणाऱ्या संस्थांचा मिळून एक करारनामा आहे. १९९६ साली तो पहिल्यांदा झाला, २००८ मध्ये नव्याने लिहिला गेला, आणि २०१९ मध्ये पुन्हा सुधारताना त्यात एक स्पष्ट आकडा घातला गेला: प्रत्येक संशोधकाला वर्षातून निदान दहा दिवस स्वतःच्या वाढीसाठी मिळावेत. हा कायदा नव्हे, सह्या करणाऱ्यांनी दिलेला शब्द आहे. त्या दहा दिवसांत गहू, बुरशी आणि सूक्ष्मदर्शक बाजूला ठेवायचे. अनुदानासाठी अर्ज कसा लिहावा, मुलाखतीला कसे बसावे, विद्यार्थ्यांना कसे शिकवावे, हाताखालच्या माणसाला रागावायचे झाले तर कसे रागवावे, वर्तमानपत्राच्या बातमीदाराशी काय बोलावे, हे सारे तिथे शिकवतात. कारकीर्द-सल्लागाराकडे एकटे बसून बोलता येते. शिवाय दुसऱ्या एखाद्या ठिकाणी एक-दोन दिवस जाऊन तिथले काम कसे चालते तेही पाहून येता येते.

तिने मला एक चक्रही दाखवले. संशोधकाच्या अंगी काय काय असावे याचा तो नकाशा, २०१० मध्ये तयार झालेला. त्याचे चार भाग, बारा पोटभाग आणि एकूण त्रेसष्ट गुण. मी मोजून घेतले आणि म्हटले, "आपल्याकडे कला चौसष्ट. एक कमी कशी पडली?" ती म्हणाली, "चहा करण्याची असेल. इथे ती कुणालाच येत नाही."

थट्टा सोडली तर माझ्या मनात या दहा दिवसांविषयी शंका होती, आणि ती अनुभवातून आलेली होती. आमच्याकडे शिक्षकाला बारा वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांनी निवडश्रेणी. त्यासाठी प्रशिक्षण घ्यावे लागते. त्या प्रशिक्षणांना मी गेले आहे. सकाळी सही, मग चहा, मग दुपारच्या जेवणात आमटी आहे की कढी याची चौकशी, आणि शेवटी प्रमाणपत्र. पण एकदा अशाच एका वर्गात एका बाईंनी आम्हांला चाळीस मिनिटे एकच गोष्ट दाखवली: मुलाने चुकीचे उत्तर दिले तर त्याला 'चूक' न म्हणता पुढचा प्रश्न कसा विचारावा. पुढची अठरा वर्षे मी त्या चाळीस मिनिटांवर शिकवले. तेव्हा प्रशिक्षण म्हटले की नाक मुरडायचे, हे मला पटत नाही. प्रमाणपत्र घेऊन आला की काहीतरी घेऊन आला, हा एवढाच प्रश्न असतो.

आणि दिवस कागदावर असले म्हणून हाती येतात असे थोडेच आहे! तिचे वरिष्ठ तसे भले गृहस्थ होते. पण तिने दिवस मागितला की त्यांच्या कपाळावर एक बारीक आठी पडायची. "या आठवड्यात नको, गहू निसवायला आला आहे," असे ते म्हणत, आणि ते खोटेही नव्हते. गहू कुणाची कार्यशाळा पाहून निसवत नाही. त्यांच्याही मागे अनुदानाच्या मुदतीचा ससेमिरा होताच. तिच्याच खोलीत काम करणाऱ्या एका मुलाने तीन वर्षांत तीसांपैकी एकही दिवस घेतला नव्हता, आणि याचा त्याला अभिमान वाटत असे. लेक मात्र वहीत दिवस मांडून ठेवायची आणि हसतमुखाने मागायची. मागायला शिकणे हा त्रेसष्टांतला कितवा गुण, ते मी विचारले नाही.

त्या वर्षीच्या दिवाळीत या दहा दिवसांपैकी एकाने आमच्या स्वयंपाकघरातच ठाण मांडले. गावातल्या लोकांसाठी विद्यापीठाने एक संध्याकाळ ठेवली होती. प्रत्येक संशोधकाने आपले काम पाच मिनिटांत, शास्त्र न शिकलेल्या माणसाला समजेल असे सांगायचे. त्याचे शिक्षण आधी एक दिवस झाले आणि सराव माझ्यापुढे सुरू झाला. मी चकलीची भाजणी मळत होते. तिने पहिले वाक्य म्हटले. त्यात तीन संक्षेप आणि एक लॅटिन नाव होते. मी म्हटले, "थांब. तुझा हा रोग म्हणजे आपला तांबेरा ना?"

"हो."

"मग गहू काढून झाला की उन्हाळ्यात हा तांबेरा जातो कुठे? शेतात तर काहीच नसते."

ती थांबली. मग म्हणाली, "आई, हा प्रश्न फार मोठा आहे." आणि तिने मला करमचंद मेहता यांची गोष्ट सांगितली. आग्र्याच्या या शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वर्षानुवर्षे डोंगर पालथे घालून दाखवून दिले, की मैदानातल्या उन्हात ही बुरशी मरते. पण हिमालयात आणि निलगिरीसारख्या थंड डोंगरांवर ती तग धरते, आणि तिथून वाऱ्यावर बसून दर हंगामात पुन्हा खाली उतरते. तिचे कण इतके हलके, की वारा त्यांना शेकडो मैल नेतो. आमच्या घरावरून पसरणीचा घाट चढून गेले की महाबळेश्वर; तिथे गव्हाच्या गेरव्यावर संशोधन करणारे केंद्र आहे. त्याची पाटी मी कितीदा पाहिली असेन. गेरवा म्हणजे हाच तांबेरा, आणि तो तिथे डोंगरावर का अभ्यासतात याचा उलगडा मला इंग्लंडात चकल्या करताना झाला.

"मग तू काय करतेस?" मी विचारले. ती म्हणाली, की गव्हाच्या एखाद्या वाणात तांबेऱ्याला अडवणारे जनुक असते. शेतकरी तोच वाण सगळीकडे लावतात. बुरशी थोडी बदलते, आणि कुलूप तेच असले तरी तिच्या हाती नवी किल्ली येते. १९९८ साली युगांडात असा एक तांबेरा सापडला, ज्याने जगभर भरवशाचे मानलेले एक कुलूप उघडले. म्हणून जुन्या, विसरलेल्या गव्हांत नवी कुलपे शोधायची. केंब्रिजच्या वॉटकिन्स यांनी १९२० आणि १९३० च्या दशकांत बत्तीस देशांतून गोळा केलेले देशी गहू अजून जपून ठेवले आहेत. त्यांत हिंदुस्थानातलेही आहेत. "म्हणजे आपल्या पणजीच्या वेळचे गहू तिकडे राखण करताहेत," मी म्हटले. तिने वही ओढली आणि पहिली तीन वाक्ये खोडून टाकली. त्या संध्याकाळी तिने सुरुवात केली ती तांबेऱ्याच्या शेतातून चालून आलेल्या माणसाच्या धोतराला लागणाऱ्या तांबड्या भुकटीपासून.

श्रोत्यांत वनस्पतिरोगांच्या एका सरकारी प्रयोगशाळेतल्या बाई होत्या. त्यांनी नंतर येऊन चार प्रश्न विचारले आणि म्हटले, "एकदा येऊन आमचे काम पाहा." लेकीने दहांतले दोन दिवस तिकडे खर्च केले. शेतकरी, रोपवाटिकावाले आणि माळी आपापली रोगट पाने पाकिटांत घालून तिथे पाठवतात. कुणी स्वतःच घेऊन येतो. पान पाहून रोग सांगायचा, आणि नवा असेल तर धोक्याची घंटा वाजवायची. ती परत आली तेव्हा बराच वेळ काही बोलली नाही.

फेब्रुवारीत दोन पत्रे एका आठवड्यात आली. तिने ज्या मोठ्या फेलोशिपची आशा धरली होती तिचा नकार त्याआधीच येऊन गेला होता. आता एका पत्रात दुसऱ्या देशात दोन वर्षांची आणखी एक उमेदवारी होती: नामांकित प्रयोगशाळा, तिच्याच जनुकाचे काम. दुसऱ्यात त्या सरकारी प्रयोगशाळेतली कायमची जागा. भारतात परतण्याचाही हिशेब तिने मांडून पाहिला होता. १ जानेवारी २०२३ पासून आपल्याकडे रिसर्च असोसिएटचे विद्यावेतन पायरीप्रमाणे महिना ५८, ६१ आणि ६७ हजार रुपये झाले. पण तीही उमेदवारीच, मुदतीची.

"आई, तू सांग," ती म्हणाली.

मी सांगितले नाही. आईने सांगितलेले वाक्य मुलीला आयुष्यभर पुरते, आणि चुकले तरी परत करता येत नाही. मी म्हटले, "तुझा तो कागद काढ."

हा कागद म्हणजे दर वर्षी सल्लागाराबरोबर बसून भरायची योजना. आम्ही शिक्षक वर्षाच्या आरंभी वार्षिक नियोजन करतो आणि रोजच्या तासाचे टाचण काढतो, तसलेच. फरक एवढाच, की इथे विषय म्हणजे आपणच. काय येते, काय येत नाही, कशात मन रमते, कामात काय असल्याशिवाय चालणार नाही, असे रकाने. अमेरिकेत २०१२ पासून अशी योजना संगणकावर फुकट करून मिळते, आणि ही चाल सर्वत्र पसरत आहे. तिने तीन वर्षांचे तीन कागद जमिनीवर ओळीने मांडले. 'प्राध्यापक होणे' हे पहिल्या वर्षी सर्वांत वर होते, दुसऱ्या वर्षी तिसरे आणि आता पाचवे. 'स्थैर्य' तळातून वर चढत आले होते. आणि एक ओळ तिन्ही वर्षे दुसऱ्या क्रमांकावर जागची हलली नव्हती: 'ज्यांचे पीक जाते त्यांच्याशी बोलणे'. सहा वर्षांत ती एकाही शेतकऱ्याशी बोलली नव्हती.

कागदांकडे बघत ती म्हणाली, "जनुक माझ्या हातून सुटेल, आई. मी अर्ध्यावर आणले आहे ते. दुसरे कुणीतरी त्याला नाव देईल." तिच्या डोळ्यांत पाणी आले, आणि ते यावे असेच होते. सहा वर्षांच्या कामावरून हात काढणे हे काही टेबल बदलणे नव्हे. मी विचारले, "आणि तांबेरा? तोही सुटेल?" ती म्हणाली, "नाही. तो रोज टपालाने घरी येईल."

तिने दुसऱ्या पत्राला होकार कळवला. मला या निकालाचा पूर्ण आनंद झाला, असे म्हणता येणार नाही. त्या नामांकित प्रयोगशाळेत ती गेली असती तर काय झाले असते, हा विचार अजूनही रात्री कधीतरी येतो. पण आता मला वाटते, की विद्यापीठाने ते दहा दिवस दिले ते तिला साडेतिनांत बसवण्यासाठी नव्हेच. उरलेल्या साडेशहाण्णवांची वाट कुठे जाते, हे तिला दिवसाउजेडी पाहता यावे म्हणून ते होते. वकिलाकडे, छापखान्यात, वैद्याकडे उमेदवारी करणाऱ्या आमच्या जुन्या मुलांना असे दहा दिवस कुणी दिले नाहीत. त्यांना जागा मिळाली तर मिळाली. न मिळाली तर बाहेर दुसरे काय आहे हे कळायच्या आत केस पांढरे झाले. उमेदीवर जगणाऱ्या माणसाचे सर्वांत मोठे नुकसान पगारात होत नाही. त्याची नजर एकाच दाराकडे लागून राहते, यात होते. आपल्या विद्यापीठांतही हजारो मुलेमुली अशीच दाराशी उभी आहेत. त्यांच्या विद्यावेतनाच्या वाढीबद्दल आपण भांडतो, आणि भांडलेच पाहिजे. पण वर्षातले दहा दिवस त्यांच्या स्वतःच्या नावावर लिहून द्या, असे म्हणायलाही फारसा खर्च येत नाही.

साडेतीन मुहूर्तांतला अर्धा तो दिवाळीचा पाडवा. तो अर्धा आहे म्हणून त्या दिवशी कुणी खरेदी थांबवलेली मी पाहिली नाही. २०२४ च्या पाडव्याला लेकीचा फोन आला. गावातल्या गुजराती दुकानातून तिने पाच लिटरचा कुकर आणला होता, आणि संध्याकाळी सहा माणसे जेवायला येणार होती. तांदूळ किती घ्यावा, हे तिला माझ्याकडून हवे होते.